गल्ली वाचणारा साहेब

माझं आजोळ इंदूरच्या जुन्या भागात, राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर. घर अजून आहे, ओटा गेला. काही वर्षांपूर्वी गल्ली रुंद करायचं ठरलं, तेव्हा एका सकाळी भिंतीवर लाल रंगाची रेघ आली. रेघेच्या आतलं घराचं, बाहेरचं रस्त्याचं. ओटा बाहेर पडला. त्याच्याबरोबर तीन दगडी पायऱ्या, तुळशीची कुंडी आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पडवी गेली. मामा म्हणाला, "घर वाचलं, हेच खूप." आजी काही म्हणाली नाही. तिन्हीसांजेला ओट्यावर बसून मेथी निवडायची तिची साठ वर्षांची सवय होती. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण तिला काहीतरी सांगून जायचा, निदान "काय आजी, जेवण झालं?" असं विचारून तरी. ओटा गेल्यावर ती आतल्या खोलीत खुर्चीवर बसायला लागली. मेथी तीच होती, जाणारं-येणारं कोणी नव्हतं. रस्ता मात्र रुंद झाला. त्या रुंदीत आता दुतर्फा मोटारी उभ्या असतात आणि चालणारा माणूस त्यांच्यामधून अंग चोरून, पूर्वीच्या गल्लीपेक्षाही अरुंद वाटेनं जातो.

इंदुरी हिंदीत ओट्याला 'ओटला' म्हणतात. गुजरातीत 'ओटलो'. भोपाळच्या जुन्या वस्तीत दगडी 'पटिये' असतात आणि त्यांवर रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगतात. कोलकात्यात 'रोआक', तमिळमध्ये 'तिण्णै', कन्नडमध्ये 'जगली'. अनुवादक म्हणून माझे दिवस वेगवेगळ्या भाषांतले शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यात जातात आणि बहुतेक वेळा ते नीट जुळत नाहीत. हे मात्र जुळतात. घर संपत आलेलं असतं आणि रस्ता अजून सुरू व्हायचा असतो, त्या मधल्या हातभर जागेला माणसांनी दिलेली ही नावं. बांधकाम-नियमांच्या मराठीत गेलं की तिथे 'सामासिक अंतर' भेटतं, नाहीतर 'अतिक्रमण'. बसायची जागा म्हणून त्या भाषेत तिची नोंद नाही.

ओटा गेल्यानंतरच्या वर्षी मी एका इंग्रजी अहवालातल्या काही प्रकरणांचा मराठी अनुवाद करायला घेतला. अहवाल १९१८ सालचा, दोन खंडांचा, इंदूरच्या होळकर दरबारासाठी लिहिलेला. विषय, इंदूर शहराची रचना. लेखक, पॅट्रिक गेडिस. आपल्याच गावाबद्दल एका स्कॉटिश माणसानं शंभर वर्षांपूर्वी काय लिहून ठेवलं आहे, एवढ्याच कुतूहलानं मी ते पान उघडलं होतं. पण वाचता वाचता त्यात आमच्या गल्लीची बाजू घेणारं कोणीतरी भेटलं.

गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले, लंडनला टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना डोळ्यांचा आजार झाला आणि काही काळ त्यांना अंधाऱ्या खोलीत बसून काढावा लागला. सूक्ष्मदर्शकावर उभी राहू पाहणारी कारकीर्द तिथेच अडखळली. त्या खोलीत खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना विचार मांडायची एक रीत सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे, एकेका चौकोनात एकेक कल्पना ठेवायची आणि शेजारच्या चौकोनाशी तिचं नातं काय ते पाहायचं. पुढे या चौकोनांत तीन शब्द कायमचे वस्तीला आले: ठिकाण, काम, लोक. शहर समजून घ्यायचं तर या तिघांना एकमेकांपासून तोडायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. लग्नानंतर ते आणि त्यांची पत्नी ॲना एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या दाटीच्या, कळकट झालेल्या चौकात मुद्दाम बिऱ्हाड करून राहिले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं लावली. पाडापाडीआधी तिथे राहून बघायचं, ही सवय तिथली.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते भारतात आले. शहरांविषयीचं त्यांचं मोठं प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रं, आराखडे, वेगळ्या जहाजानं येत होतं. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेनं ते जहाज बुडवलं. याच एम्डेननं त्या सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागल्या होत्या. तमिळमध्ये 'एमडन' हा शब्द जबरदस्त, पोहोचलेल्या माणसासाठी अजून वापरतात. मायदेशातल्या मित्रांनी धावपळ करून नवं साहित्य जमवलं आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलं. त्यानंतर गेडिस गावोगाव हिंडले: मदुरा, तंजावर, बडोदा, लखनौ, लाहोर, बलरामपूर, ठाणे, नागपूर, इंदूर. कुठे काही दिवस, कुठे काही महिने, आणि बहुतेक ठिकाणी एक अहवाल.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला भोसले घराणं आणि सरस्वती महाल आठवतो. गेडिसनी पाहिलं ते तिथल्या एका दाट वस्तीकडे. वस्ती मोकळी करण्यासाठी एक आराखडा आधीच तयार होता. त्यात वस्तीवरून सरळ रेषेत रस्ते काढले होते. रेषेत येतील ती घरं पाडायची. पहिल्याच टप्प्याचा अंदाज होता ३०,००० रुपये. गेडिस त्या बोळांतून हिंडले. कुठलं घर पडायला आलं आहे, कुठली जागा आधीच उकिरडा झाली आहे, कुठे विहीर आहे, कुठे छोटं देऊळ, कुठल्या झाडाखाली माणसं आपसूक थांबतात, हे पाहत गेले. मग त्यांनी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढून तिथे लहान मोकळ्या जागा सुचवल्या, त्या एकमेकींना जोडणारे बोळ गरजेपुरते रुंद केले, झाडं लावायला सांगितली. खर्चाचा अंदाज ५,००० रुपये. सहावा हिस्सा.

या पद्धतीला त्यांनी दिलेलं इंग्रजी नाव 'कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी'. या नावानं माझा आठवडा खाल्ला. शब्दकोशाच्या भरवशावर राहिलं तर 'पुराणमतवादी शस्त्रक्रिया' होते, म्हणजे सोवळं नेसलेला डॉक्टर. 'संरक्षक' लिहिलं की सैन्याचा वास येतो. शेवटी मी 'जपून केलेली शस्त्रक्रिया' असं साधं लिहिलं. त्यात त्यांना म्हणायचं होतं ते येतं: कापायचं आहेच, पण रोगी जगवायचा आहे हे विसरायचं नाही.

या कामाची अडचण काय, तेही त्यांनी लपवलं नाही. असा आराखडा कचेरीत बसून पट्टीनं आखता येत नाही. त्यासाठी तासन् तास त्या वस्तीतून पायी फिरावं लागतं, आणि तिथली दृश्यं आणि वास सोसायचे म्हणजे ब्राह्मणालाही अवघड आणि ब्रिटिशालाही, असा चिमटा त्यांनी दोघांना एकाच वाक्यात काढला आहे. शिवाय अशा कामाला नेहमीच्या सरकारी नकाशांपेक्षा कितीतरी बारकाईचे नकाशे लागतात. आजच्या चर्चांत 'चालण्याजोगं शहर' हे नियोजनाचं फळ असतं: आधी आराखडा, मग पदपथ, मग चालणारे. गेडिसच्या कामात क्रम उलटा आहे. आधी चालणं, मग कागद. गल्ली काय आहे हे चालण्याच्या वेगातच दिसतं. घोडागाडीतून ती फक्त अरुंद दिसते.

हे सगळं प्लेगच्या सावलीत चाललं होतं, हे लक्षात घेतलं नाही तर त्यातलं धाडस कळत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा-उजेड आत यावा म्हणून दाट वस्त्या चिरून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. पुण्यात १८९७ मध्ये साथ आवरण्याच्या नावाखाली घरात घुसून झडत्या झाल्या आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हापासून रोग, दाटी आणि पाडकाम हे तीन शब्द आपल्या शहरांत एका दमात उच्चारले जाऊ लागले. गेडिसचं म्हणणं सरळ होतं. पाडलेल्या घरांतली माणसं हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत, नातेवाइकांच्या खोलीत शिरतात, आणि दाटी एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत जाते. रस्त्याचं उद्घाटन होतं. त्या दुसऱ्या गल्लीचं कोणी मोजत नाही.

इंदुरातही प्लेग होताच. अशी गोष्ट सांगतात, की हातात नकाशा घेऊन हा दाढीवाला म्हातारा गल्ल्यांतून फिरायला लागला, तेव्हा लोक दारं लावून घ्यायचे. प्लेग आणणारा साहेब तो हाच, असं बायाबापड्या म्हणायच्या. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या अनुभवात नकाशा घेऊन आलेला माणूस घर पाडायलाच आलेला असायचा. गेडिसनी महाराजांकडे एका दिवसापुरती सत्ता मागितली आणि दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार? ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं झाडून, डागडुजी करून, रंगवून तयार असतील त्या रस्त्यानं. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. वर्षानुवर्षांचा कचरा बाहेर आला आणि तो फुकट वाहून न्यायची सोय दरबारानं केली. मिरवणुकीत कचऱ्याचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. पांढरे स्वच्छ कपडे घातलेले सफाई कामगार होते आणि त्यांच्या झाडूंना हार घातलेले होते. इंदूर नगरी देवी म्हणून रथात बसली होती. घरोघर लावायला तुळशीची रोपं वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. आजीच्या ओट्यावरच्या तुळशीचा त्या तुळशींशी काही संबंध असेल असं मी म्हणत नाही. पण अनुवाद करताना माझी लेखणी तिथे थांबली, हे खरं.

आणखी एका ठिकाणी ती थांबली. इंदूरचं काम हाती घेतलं त्या १९१७ साली एप्रिलमध्ये गेडिसचा थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना तेव्हा भारतातच आजारी होत्या. मुलाच्या मृत्यूची बातमी त्यांना सांगितलीच गेली नाही. त्याची जुनी पत्रं त्यांना वाचून दाखवली जात. जूनमध्ये त्या गेल्या. त्यानंतर काही महिन्यांतच हा माणूस एका परक्या शहरात कुठली भिंत ठेवता येईल आणि कुठलं झाड वाचवता येईल याच्या याद्या करत होता. अहवालात या दुःखाची वाच्यता कुठेही नसावी, तसा तो अहवालाचा धर्मही नाही. पण वाचवण्याचा तो हट्ट मला आता निव्वळ पद्धत वाटत नाही.

अहवाल छापला गेला. त्यातलं थोडं घडलं, पुष्कळसं कागदावर राहिलं. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. परदेशी शिकायला जाण्यासाठी त्यांनी ज्यांची शिफारस केली ते गो. स. घुर्ये पुढे, १९२४ मध्ये, त्याच विभागाचे प्रमुख झाले. १९२५ मध्ये गेडिसनी तेल अवीवचा आराखडा केला: वाहतुकीसाठी मोजके मोठे रस्ते, घरांसाठी लहान शांत रस्ते आणि घरांच्या मधोमध बागा. २००३ मध्ये युनेस्कोनं त्या शहराचा 'व्हाइट सिटी' हा भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. ज्या हिशोबानं तो आराखडा उभा राहिला, तो त्याआधीची दहा वर्षं आपल्या बोळांत पायपीट करून पक्का झाला होता. इथे तो अहवालांच्या कपाटात गेला.

इतकं झाल्यावर या साहेबाच्या प्रेमात पडणं सोपं आहे, आणि अनुवादकाला ते परवडत नाही. झाडूला हार घातले. दुसऱ्या दिवशी तोच झाडू त्याच हातांत होता. ठिकाण, काम, लोक या तीन चौकोनांत आपल्याकडे चौथा चौकोन न विचारता येऊन बसतो: जात. कासार आळी, तांबट आळी, ब्राह्मण आळी ही नावं ठिकाण आणि काम एकत्र सांगतात आणि त्याच दमात वेशीबाहेर कोणाला ठेवलं तेही. बारीक, सावलीच्या, ओट्यांच्या गल्लीत ओट्यावर बसायचं कोणी आणि मान खाली घालून पुढे जायचं कोणी, हे ठरलेलं होतं. गेडिस मुंबईतून निघाले त्याच १९२४ साली केरळात वैकमचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी देवळात जाण्याची नव्हती. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. ३० मार्चला सुरू झालेला लढा पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरापर्यंत चालला आणि शेवटी तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा राहिला. पायी चालण्याचा आपला सगळ्यात मोठा इतिहास नगररचनेच्या पुस्तकांत नाही, तो इथे आहे. चालण्याजोगी गल्ली म्हणताना, कोणाच्या पायांना, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. गेडिसनी तो पुरता विचारला नाही. मीही आजीच्या ओट्याबद्दल लिहिताना तो उशिरा विचारते आहे. झाडणारी बाई आमच्या गल्लीत रोज यायची. ती ओट्यावर टेकलेली मला आठवत नाही.

अनुवादाचा पहिला खर्डा मी मामाला वाचून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या साहेबाला सांग, नव्वद साली बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडी आत येईना. खाट उचलून चौकापर्यंत नेली आम्ही चौघांनी. गल्ली रुंद व्हावी म्हणून अर्ज देणाऱ्यांत माझीही सही होती." आजोबा त्या वेळी वाचले, पण मामाच्या खांद्याला ती खाट अजून आठवते. याला उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा गल्लीच्या तोंडापासून चालत निघालो, गेडिसच्या रीतीनं, वहीत खुणा करत. गाडी अडायची ती कुठे? मामानं दाखवलं: तोंडाशीच, जिथे एका वाड्याची पुढची भिंत बाहेर आलेली होती. तो वाडा तेव्हाच ओसाड होता, छप्पर बसलेलं, आत पिंपळ उगवलेला. पुढची सगळी गल्ली रुग्णवाहिका जाण्याइतकी होती. म्हणजे तो एक पडका कोपरा काढला असता तर गाडी आत आली असती, त्या जागेत वळली असती आणि पिंपळाला पार बांधता आला असता. बाकी चाळीसएक ओटे जागच्या जागी राहिले असते. मामा बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "हे कोणी विचारलंच नाही." मी म्हटलं, "चालून बघितलं नाही कोणी." तो म्हणाला, "मी रोज चालायचो की." ते खरं होतं. नकाशा त्याच्या हातात नव्हता, एवढंच.

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं देशात पहिलं आलं. मला त्याचा अभिमान आहे; गेडिसच्या मिरवणुकीतला राक्षस शंभर वर्षांनी का होईना, जळाला. पण स्वच्छ रस्ता आणि चालता येणारा रस्ता या दोन गोष्टी आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. आमची रुंद झालेली गल्ली मी मापली. दोन्ही बाजूंच्या मोटारी सोडून, भिंतीलगत चालायला उरलेली जागा दोन वितींच्या आसपास भरली.

गेल्या दिवाळीला आईला घेऊन तिकडे गेले होते. ती सत्तर ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात. राजवाड्यापासून घरापर्यंतची दहा मिनिटांची वाट आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. मोटारींमुळे लागली असं मला वाटलं. आई म्हणाली, "चालायला होतं गं. मधे टेकायला नाही कुठे." पूर्वी ती माहेरी यायची तेव्हा ही वाट ओट्याओट्यानं मोजायची: पहिला सोनाराकडचा, मग जोशीकाकूंचा, मग आपला. ती थांबली होती तिथल्या किराणा दुकानदारानं आतून प्लास्टिकचं स्टूल आणून रस्त्यावर ठेवलं. मागून मोटरसायकलवाला हॉर्न देत होता. आई बसली, पदरानं तोंड पुसलं आणि सवयीनं दुकानदाराला विचारलं, "जेवण झालं का?"